ड्रॉइंगमधील अक्षरांची उंची आणि टेक्स्ट स्टाइल: सोळाची सळई दहाची वाचली गेली, त्यावरून (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

काटकोन

नमस्कार. मी नाशिकला एका लहान स्ट्रक्चरल सल्लागार कार्यालयात गेली नऊ वर्षे ऑटोकॅड या सॉफ्टवेअरवर आरेखनाचे काम करते. गेल्या महिन्यात आमच्या एका साइटवर फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) तक्त्यातील १६ मिमीची सळई १० मिमीची म्हणून वाचली गेली आणि दोन फुटिंगच्या जाळ्या तशाच बांधून झाल्या. काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या तपासणीत ही गोष्ट लक्षात आली, जाळ्या सोडवून पुन्हा बांधल्या आणि पुढचे काम नीट पार पडले. वाचणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही, कारण तो कागद मी स्वतः हातात घेतला तेव्हा मलाही तो आकडा दहाच दिसला. आमचे आकडे इंग्रजी असतात आणि त्यातल्या सहाचे पोट शाईने भरले की त्याच्यात आणि शून्यात फरक राहत नाही.

त्यानंतर मी ती फाइल उघडून शांतपणे पाहिली. एकाच ड्रॉइंगमध्ये अक्षरांच्या तेवीस वेगवेगळ्या उंच्या निघाल्या. प्लॅन १:१०० चा, फुटिंगचे तपशील १:२५ चे आणि बीमचे छेद १:२० चे, अशी सगळी चित्रे आम्ही मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे वस्तू खऱ्या मापात काढण्याच्या जागेत, मिलिमीटर एककात काढतो. प्लॅनमधले एखादे लेबल उचलून छेदापाशी चिकटवले की ते राक्षसी मोठे दिसते, मग प्रत्येक जण ते नजरेने लहान करतो आणि अशा रीतीने २५० चे ६२, ५८, ५५ असे काहीही होत जाते. टेक्स्ट स्टाइल (फॉन्ट, उंची वगैरेंचे नाव देऊन ठेवलेले संच) अकरा होत्या. त्यांतल्या पाच बाहेरून आलेल्या ब्लॉकबरोबर (तयार चित्रगटांबरोबर) शिरलेल्या होत्या आणि बहुतेक मजकूर 'स्टँडर्ड' या एकाच स्टाइलमध्ये होता.

आता मला कार्यालयासाठी नवीन टेम्पलेट (कोऱ्या ड्रॉइंगचा साचा) करायचे आहे. अक्षरांची उंची कशावरून ठरवावी, स्टाइलमध्ये ती पक्की भरावी की शून्य ठेवावी, आणि ॲनोटेटिव्ह पद्धत (स्केलनुसार मजकुराची उंची आपोआप काढणारी सोय) वापरावी की नाही, या तीन गोष्टींवर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

ओळंबा

मी साइट इंजिनिअर आहे, म्हणून कागद वाचणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. आपण ए-वन आकाराचे ड्रॉइंग करता, परंतु साइटवर ते ए-वन आकारात क्वचितच पोहोचते. कंत्राटदाराकडे ए-थ्रीचा प्रिंटर असतो आणि तो त्यावरच छापतो. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिमेंटच्या धुळीत, भर उन्हात किंवा संध्याकाळच्या हॅलोजनखाली वाचला जातो. पुष्कळदा मुकादम पीडीएफचा मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहतो. कार्यालयातल्या पडद्यावर अक्षर कसे दिसते याचा आमच्या वाचण्याशी काहीही संबंध नसतो. अक्षराची उंची ठरवताना हा शेवटचा कागद धरून ठरवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

शाईची रेघ

काटकोन ताई, आपण प्रामाणिकपणे सर्व मांडलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी शाईच्या पेनाने ट्रेसिंगवर काम करत या धंद्यात आलो आणि पुढे संगणकावर वळलो. उंचीचे गणित सांगण्याआधी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. त्या तक्त्यातील अक्षराची कागदावरची उंची किती होती आणि त्या लेयरला (ड्रॉइंगच्या थराला) लाइनवेट, म्हणजे रेघेची जाडी, किती दिलेले होते? शिवाय ए-थ्री प्रिंट साइटवर पीडीएफमधून काढली की आपल्या कार्यालयातून थेट ऑटोकॅडमधून ए-थ्रीवर प्लॉट केली?

काटकोन

काका, तक्त्यातील मजकूर मॉडेलमध्ये २०० उंचीचा होता, म्हणजे १:१०० ला ए-वनवर २ मिमी. फॉन्ट रोमन्स डॉट एसएचएक्स. लेयरचे लाइनवेट ०.३५ होते. प्रिंट आमच्याच कार्यालयातून लेआउटवरून (छापण्याच्या पानावरून) 'फिट टू पेपर' करून, म्हणजे कागदात मावेल इतके लहान करून, ए-थ्रीवर काढली होती.

शाईची रेघ

मग आपल्या सहाचे पोट का भरले ते आता उघड आहे.

ए-वन वरून ए-थ्रीवर जाताना लांबी बरोबर निम्मी होते, म्हणजे आपले २ मिमीचे अक्षर १ मिमीचे झाले. तेवढ्यावरही ते कदाचित डोळे ताणून वाचता आले असते. परंतु प्लॉटच्या खिडकीत 'स्केल लाइनवेट्स' नावाची एक चौकट असते आणि ती लेआउटवरून प्लॉट करतानाच वापरता येते. तिच्यावर खूण नसेल तर चित्र लहान होते, रेघेची जाडी मात्र तशीच राहते. एसएचएक्स फॉन्टची अक्षरे ही मुळात रेघाच असतात आणि त्या लाइनवेट घेतात. म्हणजे आपल्या कागदावर १ मिमी उंचीचे अक्षर ०.३५ मिमी जाडीच्या रेघेने काढले गेले. एक मिलिमीटरात वरची रेघ, मधली रेघ आणि खालची रेघ अशा तीन रेघा प्रत्येकी ०.३५ च्या बसवा: मध्ये पांढरी जागा जवळजवळ उरतच नाही.

हे प्रमाण आमच्या काळी वेगळे लक्षात ठेवावे लागत नसे, कारण ते पेनातच बसवलेले होते. अक्षरलेखनाच्या आयएसओ ३०९८ या मानकात उंच्यांची मालिका अशी आहे: १.८, २.५, ३.५, ५, ७, १०, १४ आणि २० मिमी. प्रत्येक पुढची उंची आधीच्या उंचीच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाच्या पटीत आहे. कागदाचे ए-झीरो, ए-वन, ए-टू हे आकारही एकमेकांशी लांबीत त्याच पटीत असतात. त्यामुळे ए-वनवरचे ३.५ चे अक्षर ए-टूवर छापले की ते आपोआप २.५ चे होते आणि ए-थ्रीवर सुमारे १.८ चे. मालिकेबाहेरचा आकडा कधी येतच नाही. याच मानकातील 'बी' प्रकारच्या अक्षरात रेघेची जाडी उंचीच्या एक दशांश असते, 'ए' प्रकारात एक चौदांश. म्हणून २.५ च्या स्टेन्सिलला ०.२५ चे पेन, ३.५ ला ०.३५, ५ ला ०.५ आणि ७ ला ०.७ अशा जोड्या असत. पेनांवर रंगांच्या खुणा होत्या: ०.२५ पांढरा, ०.३५ पिवळा, ०.५ तपकिरी, ०.७ निळा. स्टेन्सिलवरही तोच रंग. पिवळ्या पट्टीला पिवळे पेन लावले की अक्षराची उंची आणि जाडी आपोआप जुळत असे. संगणकावर आल्यावर उंची एका खिडकीत गेली आणि जाडी लेयरच्या खिडकीत, आणि दोघांची जोडी असते हेच विस्मरणात गेले. मला याचे मनापासून वाईट वाटते.

आपल्याकडेही याच धर्तीचे आयएस ९६०९ हे मानक आहे आणि शाळा-महाविद्यालयांसाठीच्या एसपी ४६ मध्ये त्याचा सारांश आहे. त्यातली एक ओळ फार कामाची आहे. मोठ्या (कॅपिटल) अक्षरांची उंची आणि लहान (स्मॉल) लिपीच्या अक्षरांची उंची यांपैकी कोणतीही २.५ मिमीपेक्षा कमी असू नये, असे तिथे म्हटले आहे. इंग्रजी लहान लिपीची उंची मोठीच्या सात दशांश धरली जाते. म्हणून लहान लिपी वापरायची असेल तर ३.५ च घ्यावे लागते आणि २.५ चालवायचे असेल तर सगळा मजकूर मोठ्या लिपीत लिहावा लागतो. ड्रॉइंगवर सगळीकडे मोठी लिपी दिसते, तिच्यामागचे एक कारण हेही आहे.

काटकोन

काका, मी आत्ताच तीच फाइल 'स्केल लाइनवेट्स' वर खूण करून ए-थ्रीवर काढून पाहिली. अक्षरे लहानच आहेत, परंतु १६ आणि १० वेगळे ओळखू येतात. नऊ वर्षांत मी त्या चौकटीकडे एकदाही लक्ष दिले नव्हते.

परंतु आमच्याकडे लेयरचे लाइनवेट रंगानुसार सीटीबी फाइलमधून ठरते. मजकुराच्या उंचीनुसार जाडी कशी जुळवावी?

शाईची रेघ

मजकुरासाठी उंचीगणिक वेगळा लेयर करावा आणि त्याच्या रंगाला सीटीबीमध्ये तीच जाडी द्यावी. २.५ चा मजकूर एका लेयरवर ०.२५ ने, ३.५ चा दुसऱ्या लेयरवर ०.३५ ने. भिंतीच्या किंवा बीमच्या लेयरवर मजकूर कधीही ठेवू नये, कारण ती रेघ ०.५ ची असते आणि तिच्यावरचे २.५ चे अक्षर चिखलासारखे दिसते. ट्रूटाइप फॉन्ट (विंडोजमधल्या नेहमीच्या प्रकारचा) वापरला तर लाइनवेटचा प्रश्न येत नाही, कारण त्याची जाडी फॉन्टमध्येच असते.

ग्रिडलाइन

उंचीच्या दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. स्टाइलमध्ये उंची शून्य ठेवली तर प्रत्येक वेळी टेक्स्ट लिहिताना ऑटोकॅड उंची विचारतो. स्टाइलमध्ये आकडा भरला तर तो विचारत नाही आणि ती उंची पक्की होते. पहिल्या दृष्टीला पक्की उंची शिस्तीची वाटते, परंतु तीच स्टाइल डायमेन्शनला (मापरेघांना) दिली की डायमेन्शन स्टाइलमधील टेक्स्टच्या उंचीची चौकट निकामी होते आणि डीआयएमटीएक्सटी ह्या, मापाच्या अक्षराची उंची ठेवणाऱ्या, चलाचा काही परिणाम होत नाही. मग नवीन मुलगा तासभर उंची बदलत बसतो आणि काहीच का बदलत नाही हे त्याला समजत नाही. म्हणून डायमेन्शन आणि लीडरसाठी (वस्तूकडे बाण नेणाऱ्या रेघेसाठी) वेगळी स्टाइल ठेवावी आणि तिची उंची शून्यच असावी. उंची डायमेन्शन स्टाइलमध्ये २.५ लिहावी आणि 'ओव्हरऑल स्केल' मध्ये १०० किंवा २५ द्यावे. त्याने बाणाचे टोक, रेघांमधील अंतर आणि अक्षर सगळे एका प्रमाणात वाढते.

दुसरी गोष्ट, 'स्टँडर्ड' ही स्टाइल टेम्पलेटमध्ये असतेच आणि ती पुसताही येत नाही, परंतु तिच्यात काम करू नये. बाहेरून आलेल्या ब्लॉकमध्ये 'स्टँडर्ड' नावाची स्टाइल असेल आणि तिचा फॉन्ट वेगळा असेल, तर चिकटवताना आपल्या फाइलमधलीच व्याख्या टिकते आणि त्यांचा मजकूर आपल्या फॉन्टमध्ये बदलतो. अक्षरांची रुंदी बदलल्यामुळे तक्त्याच्या चौकटीतून मजकूर बाहेर सांडतो. आपल्या स्टाइलना कार्यालयाचे नाव पुढे जोडलेले असले की कोणाची स्टाइल कोणती हे कायम स्पष्ट राहते.

तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर आहे: ॲनोटेटिव्ह जरूर वापरा. ही सोय ऑटोकॅड २००८ पासून आहे. स्टाइलवर 'ॲनोटेटिव्ह' ची खूण करून कागदावरची उंची २.५ लिहायची, काम करताना खाली ॲनोटेशन स्केल १:१०० निवडायचे आणि लिहायचे. मॉडेलमधली उंची २५० तो स्वतः काढतो. तोच मजकूर १:५० च्या व्ह्यूपोर्टमध्येही (पानावर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीतही) हवा असेल तर ते स्केल त्याला जोडायचे, तिथेही तो कागदावर २.५ चाच दिसतो. प्लॅनचे लेबल उचलून छेदापाशी नेल्यावर जो गोंधळ होतो असे आपण लिहिलेत, तो या पद्धतीत उद्भवतच नाही.

ईशान्य कोपरा

ग्रिडलाइन यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु ॲनोटेटिव्हबाबत माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. आमच्या कार्यालयात सहा जण काम करतात. आर्किटेक्टची फाइल येते, आमची जाते, प्लंबिंग आणि विजेच्या सल्लागारांची येते. एकाने 'ॲनोऑटोस्केल' सुरू ठेवून व्ह्यूपोर्टचे स्केल चार वेळा बदलले की प्रत्येक मजकुराला चारही स्केल चिकटतात. मग एखादे लेबल हलवले तर ते एका स्केलमध्ये हलते आणि बाकीच्यांत जुन्या जागीच राहते, कारण प्रत्येक स्केलसाठी त्याची जागा स्वतंत्र असते. ते ड्रॉइंग तपासणाऱ्याला दिसत नाही आणि छापल्यावरच कळते. शिवाय समोरचा दुसरे कॅड सॉफ्टवेअर वापरत असेल, तर त्याच्याकडे फाइल कशी उघडेल याची मी हमी देऊ शकत नाही.

आम्ही साधा मार्ग धरला आहे. कागदावरची उंची गुणिले स्केल, आणि प्रत्येक स्केलची उंची टेम्पलेटमध्येच लिहून ठेवलेली. मिलिमीटरात काम असेल तर २.५ चे १:१०० ला २५०, १:५० ला १२५, १:२५ ला ६२.५ आणि १:२० ला ५०. मीटरमध्ये काम असेल तर १:१०० ला ०.२५. टीपा, शीर्षके आणि तक्ते हे सगळे पेपर स्पेसमध्ये (छापण्याच्या पानावर) थेट २.५ किंवा ३.५ ने लिहितो, कारण तिथे कागद एकास एक असतो आणि गुणाकाराची गरजच नसते. पेपर स्पेसची ही सोय ऑटोकॅडच्या रिलीज ११ पासून, म्हणजे १९९० पासून उपलब्ध आहे, तरी आजही कित्येक कार्यालयांत टायटल ब्लॉक (ड्रॉइंगचे नाव-तपशील असलेली चौकट) शंभरपट मोठा करून मॉडेल स्पेसमध्ये ठेवलेला मी पाहतो.

ग्रिडलाइन

ईशान्य कोपरा, आपले निरीक्षण बरोबर आहे, परंतु तो दोष 'ॲनोऑटोस्केल' सुरू ठेवण्याचा आहे. आम्ही ते टेम्पलेटमध्येच बंद ठेवतो आणि स्केल हाताने जोडतो. अनावश्यक स्केल 'ऑब्जेक्टस्केल' आज्ञेने काढता येतात. स्केलची यादी फुगली असेल तर 'स्केललिस्टएडिट' मध्ये जाऊन ती मूळपदावर आणता येते.

ईशान्य कोपरा

मान्य आहे. तरीही सहा जणांपैकी सहाही जण ती शिस्त पाळतील तेव्हाच ही पद्धत चालते, तर गुणाकाराच्या पद्धतीत एकाने चूक केली तर ती त्याच्या एका लेबलपुरतीच राहते. काटकोन ताई, आपल्या कार्यालयात किती जण फाइलला हात लावतात, यावरून आपण निर्णय घ्यावा असे मला वाटते.

काटकोन

आमच्याकडे आम्ही तिघे आणि वर्षातून सहा महिने दोन प्रशिक्षणार्थी असतात. दोन्ही बाजू वाचल्यावर मी सध्या गुणाकाराचा मार्ग घेते आहे आणि डायमेन्शनसाठी 'ओव्हरऑल स्केल' वापरते. तक्ते मात्र आजपासून पेपर स्पेसमध्ये.

एक अडचण तरीही उरते. पेपर स्पेसमध्ये लेबले लिहावीत का? मी एकदा तसा प्रयत्न केला होता.

ईशान्य कोपरा

प्लॅनमधल्या वस्तूला चिकटून असलेले लेबल पेपर स्पेसमध्ये लिहू नये. मॉडेलमध्ये कॉलम ३०० ने सरकला की लेबल जुन्या जागी लटकत राहते आणि दुसऱ्याच कॉलमचे असल्यासारखे दिसते. आपल्या कामात हा धोका सोळा-दहाच्या धोक्याएवढाच मोठा आहे.

दूरदेशीचा आरेखक

मी अमेरिकेत एका आर्किटेक्टच्या कार्यालयात काम करतो. इथे फूट-इंचाचे गणित आहे, ते भारतात परदेशी कामे करणाऱ्यांना उपयोगी पडेल. एक अष्टमांश इंचाला एक फूट हे स्केल म्हणजे १:९६. कागदावर ३/३२ इंचाचे अक्षर हवे असेल तर मॉडेलमध्ये ते ९ इंच, आणि १/८ इंचाचे हवे असेल तर १२ इंच. ३/३२ इंच म्हणजे जवळपास २.४ मिमी, त्यामुळे आपल्या २.५ च्या सवयीत फारसा फरक पडत नाही. आमच्याकडेही निम्म्या आकाराच्या प्रती काढण्याची पद्धत आहे आणि टायटल ब्लॉकमध्ये एक ठरावीक लांबीची पट्टी छापलेली असते. ती पट्टी मोजली की हातातला कागद मूळ आकाराचा आहे की लहान केलेला हे साइटवर लगेच समजते. ही पट्टी आपणही टेम्पलेटमध्ये घालावी. ५० मिमीची साधी पट्टी पुरेशी आहे.

ओळंबा

ही पट्टी कृपया घालाच. ए-थ्रीवर छापलेल्या ड्रॉइंगवर स्केलपट्टी ठेवून माप घेणारे मी पाहिले आहेत.

पाणवठा

मी ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या योजनांचे नकाशे करते आणि माझे वाचक गावच्या पाणी समितीचे सदस्य असतात, म्हणून माझा सगळा मजकूर मराठीत असतो. या धाग्यात आतापर्यंतची चर्चा इंग्रजी अक्षरांची आहे. देवनागरीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रोमन्स किंवा सिम्प्लेक्ससारख्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते. अशा स्टाइलमध्ये मराठी लिहिले की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. म्हणून देवनागरीसाठी ट्रूटाइप फॉन्टची स्वतंत्र स्टाइल हवी. मंगल आणि निर्मला यूआय हे विंडोजचे युनिकोड फॉन्ट आहेत; विंडोज १० पासून मंगल वेगळा जोडून घ्यावा लागू शकतो. पूर्वी आम्ही श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत असू. तो फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसला की 'विहीर' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असे, आणि ती फाइल जिल्ह्याच्या कार्यालयात उघडल्यावर आम्हाला तीन वेळा बोलावणे आले आहे. युनिकोडवर आल्यापासून तो त्रास संपला.

आता उंचीविषयी. ऑटोकॅडमध्ये ट्रूटाइप फॉन्टला २.५ उंची दिली म्हणून छापलेले अक्षर २.५ चे असेलच असे नाही, कारण त्या उंचीत अक्षराच्या वर येणाऱ्या चिन्हांसाठी राखलेली जागाही धरलेली असू शकते आणि ती किती धरायची हे फॉन्ट घडवणाऱ्याने ठरवलेले असते. त्यामुळे एकच उंची देऊन मंगल आणि कोकिळा छापले तर कोकिळा डोळ्यांना स्पष्ट लहान दिसतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार येतात, खाली उकार आणि र-कार येतात. 'पूर्व', 'केंद्र', 'क्रॉसिंग' हे शब्द २.५ ला छापून पाहा. अनुस्वाराचा ठिपका मात्रेला चिकटतो आणि 'द्र' चा गोळा होतो. माझा नियम असा आहे की इंग्रजीला २.५ लागेल तिथे मराठीला ३.५ द्यावे आणि ३.५ लागेल तिथे ५. ओळींमधले अंतरही वाढवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकतो. एमटेक्स्टमध्ये (अनेक ओळींच्या मजकुरात) ओळीच्या अंतराचा गुणक मी १.२ ठेवते.

रुंदीचा गुणक कमी करून शब्द कोंबण्याची सवय इंग्रजीत एक वेळ चालते, देवनागरीत चालत नाही. ०.८ च्या खाली गेले की जोडाक्षरे एकमेकांवर चढतात. जागा नसेल तर लीडर ओढून शब्द बाहेर लिहावा.

शाईची रेघ

पाणवठा ताई, फार मोलाचे लिहिलेत. आम्ही ट्रेसिंगवर देवनागरी हातानेच लिहीत असू आणि तिच्यासाठी वरखाली दोनऐवजी चार पेन्सिलरेघा आखत असू: एक मात्रेसाठी, एक शिरोरेषेसाठी, एक अक्षराच्या पायासाठी आणि एक उकारासाठी. आपण सांगितलेली अडचण तीच आहे.

एसपी ४६ मध्ये दिलेल्या 'बी' प्रकारात दोन अक्षरांमधले अंतर उंचीच्या दोन दशांश, दोन शब्दांमधले सहा दशांश आणि दोन ओळींच्या पायांमधले चौदा दशांश असते. ३.५ च्या अक्षराला ओळीचे अंतर ४.९ मिमी येते. ही मापे वर मात्रा आणि खाली उकार नसलेल्या इंग्रजी अक्षरांसाठी आहेत, म्हणून देवनागरीला ती अपुरी पडणारच.

नवशिका

मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुनी फाइल दुरुस्त करायची असेल तर एकेक मजकूर निवडून उंची बदलावी लागते का? आमच्या सरांनी सरावासाठी दिलेल्या फाइलमध्ये पाचशेच्या वर लेबले आहेत.

ग्रिडलाइन

एकेक निवडण्याची गरज नाही. 'क्यूसिलेक्ट' ने विशिष्ट उंचीचा सगळा मजकूर निवडता येतो. मग 'स्केलटेक्स्ट' ही आज्ञा देऊन नवीन उंची लिहावी. प्रत्येक मजकूर आपल्याच टेकणबिंदूभोवती बदलतो, त्यामुळे लेबले जागा सोडत नाहीत. साधी 'स्केल' आज्ञा दिली तर सगळी लेबले एकाच बिंदूकडे ओढली जातात, ती चूक करू नये. उंची बदलण्याआधी स्टाइल बदलावी, हा क्रम लक्षात ठेवावा. काही एमटेक्स्ट बदलणार नाहीत, कारण त्यांच्या आत कोणीतरी उंची आणि फॉन्ट स्वतंत्रपणे लिहिलेला असतो. ते उघडून आतले फॉरमॅटिंग काढून टाकावे लागते. शेवटी 'पर्ज' करून रिकाम्या स्टाइल काढाव्यात.

काटकोन

आठवडाभर काम करून टेम्पलेट तयार झाले, त्याचा वृत्तान्त देते.

आधी एक चाचणीपत्र केले. त्यावर २, २.५, ३.५ आणि ५ या उंचीत रोमन्स, आयएसओसीपी, एरियल आणि मंगल अशा चार फॉन्टमध्ये एकच ओळ लिहिली: १६ मिमी, १० मिमी, ८ मिमी, ३ मिमी, आणि मंगलमध्ये 'केंद्र पूर्व'. ते ए-वनवर एकदा, ए-थ्रीवर लाइनवेट लहान करून एकदा आणि लहान न करता एकदा, असे तीनदा छापले. फुटपट्टीने उंची मोजली. पाणवठा ताईंचे म्हणणे खरे निघाले: एकाच आकड्याला रोमन्सचे मोठे अक्षर मंगलच्या अक्षरापेक्षा मोठे भरले. मग तिन्ही कागद ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणे साइटवर नेले आणि ज्यांनी त्या जाळ्या बांधल्या होत्या त्याच दोघांना संध्याकाळी वाचायला दिले. ए-थ्रीवर २ ची आणि २.५ ची ओळ त्यांना खात्रीने वाचता आली नाही. ३.५ ची आली, पण लाइनवेट लहान केले होते त्याच कागदावर. ५ ची तिन्ही कागदांवर आली.

त्यामुळे सळईचा व्यास आणि अंतर जिथे जिथे लिहिले जाते तिथे ए-वनवर ३.५ पेक्षा लहान अक्षर नाही, हे आम्ही ठरवले. ते ए-थ्रीवर १.७५ चे होते. २.५ फक्त ग्रिडमधल्या किरकोळ मापांसाठी ठेवले आहे. स्टाइल चारच आहेत: इंग्रजी मजकूर, डायमेन्शन, शीर्षक आणि देवनागरी, चारही उंची शून्य ठेवून. ५० मिमीची पट्टी टायटल ब्लॉकच्या डाव्या कोपऱ्यात आली आहे.

जागेचा प्रश्न मात्र आला. ३.५ घेतल्यावर फुटिंगचा तक्ता ए-वनच्या कोपऱ्यात मावेना. आमच्या साहेबांचे म्हणणे होते की तक्त्यापुरते २.५ चालवून घ्यावे.

ओळंबा

तक्ता ए-वनवर कशाला हवा? जाळी बांधणाऱ्याला प्लॅन लागत नाही, त्याला तक्ता आणि फुटिंगचा छेद लागतो. तो मुळातच ए-थ्री शीटवर करा, म्हणजे आमच्याकडे छापताना तो लहान होणारच नाही.

काटकोन

हे आम्हाला सुचले नव्हते. काल फुटिंग आणि कॉलमचे तक्ते वेगळ्या ए-थ्री लेआउटवर घेतले, अक्षर ३.५, लाइनवेट ०.३५, प्लॉट एकास एक. साहेबांनी पाहिले आणि सही केली. आज सकाळी साइटवरून त्याच शीटचा फोटो आला आहे. पिशवीवर सिमेंटचा थर आहे, पण त्यातून १६ वाचता येतो.